मोसिन 91/30 साठी घरच्या घरी वर-खाली होणारी माशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोसिन-नागां 91/30 या जुन्या रशियन लष्करी रायफलीची मागची साइट 100 मीटरवर ठेवली, तरी 100 मीटरवर गोळ्या नेमाच्या बिंदूपेक्षा साधारण 22 सेंटीमीटर वर आणि 6 सेंटीमीटर डावीकडे लागतात. मागची साइट त्याहून खाली जात नाही. हाताशी बेंच ड्रिल, कानशी, टॅप-डाय (आत-बाहेर आटे पाडायची हत्यारं) आणि व्हर्निअर आहे, लेथ नाही. मूळ साइटला हात न लावता पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची बारीक खिळी, वर-खाली करता येईल अशी करायची आहे.

लेथशिवाय हे जमतं. पण कानस उचलण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या.

पहिली गोष्ट, दोष खरोखर माशीचाच आहे का. दस्त्याचे दोन्ही मोठे स्क्रू घट्ट आहेत ना, नळी लाकडाला भलत्याच जागी टेकत नाही ना, नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नाही ना, हे पाहा. मग टेकू देऊन, एकाच जातीच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे निदान दोन गट मारा. प्रत्येक गट 15 सेंटीमीटर पसरत असेल, तर 6 सेंटीमीटरच्या डाव्या-उजव्याला काही अर्थ नाही. आधी पसारा आवरायला हवा. शिवाय या रायफलींचा नेम कारखान्यात संगीन लावून बसवला जात असे. संगीन काढली की नळीची थरथर बदलते आणि मार सरकतो. म्हणून ज्या अवस्थेत रायफल कायम वापरणार, त्याच अवस्थेत मोजा.

वर लागण्यात मात्र नवल नाही. लढाईत शिपायाने लांबच्या माणसाच्या कमरेवर नेम धरून मारावं असा तेव्हाचा हिशोब होता. स्वीडिश एम 96 माउजरची मागची साइट 300 मीटरच्या खाली येतच नाही, आणि जुन्या जर्मन गेवेअर 98 ची तर 400 मीटरपासून सुरू होते. 100 मीटरच्या कागदावर या रायफली वर मारणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे गणित. माशी किती उंच हवी हे अंदाजाने ठरवू नका. मागच्या साइटच्या खाचेपासून माशीपर्यंतचं अंतर मोजा. 91/30 वर ते जवळपास 622 मिलिमीटर भरतं. चूक गुणिले हे अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. 220 गुणिले 622 भागिले 1,00,000, म्हणजे 1.37 मिलिमीटर. तेवढी माशी वाढवायची. बाजूसाठी 60 गुणिले 622 भागिले 1,00,000, म्हणजे 0.37 मिलिमीटर. लक्षात ठेवायचा आकडा एकच: या रायफलीवर माशी 1 मिलिमीटर हलली की 100 मीटरवर मार 16 सेंटीमीटर हलतो.

दिशेबाबत गोंधळ फार होतो. गोळी जिकडे चुकते, तिकडेच माशी न्यायची. वर लागते तर माशी वर, डावीकडे लागते तर माशी डावीकडे. मागच्या साइटचं याच्या बरोबर उलट असतं, आणि दोन्ही नियम एकत्र आठवायला गेलं की हमखास उलटंसुलटं होतं. पुढच्या साइटचं काम करताना मागचीचा नियम विसरून गेलेलं बरं.

आता धातूला हात लावण्याआधी तात्पुरती माशी करून पाहा. बारीक वायरचं प्लॅस्टिकचं आवरण मूळ खिळीवर घट्ट बसेल असं निवडा, मूळ टोकाच्या वर दीड मिलिमीटर राहील एवढा तुकडा कापून चढवा आणि मारून पाहा. खाली लागलं तर धारदार ब्लेडने चकती चकती कापत आणा. पाव मिलिमीटरची चकती म्हणजे 4 सेंटीमीटर. या उद्योगातून माशीची खरी उंची कळते आणि त्या जाडीची माशी तुमच्या डोळ्याला दिसते कशी, तेही कळतं. काहींचं काम इथेच भागतं. पण प्लॅस्टिक उन्हात मऊ पडतं, तेलाने सैल होतं आणि कधी वर सरकलं ते समजतही नाही, त्यामुळे कायमचं म्हणून यावर विसंबू नका.

पक्क्या कामासाठी एक सुटी पुढची साइट मिळवा. 91/30 वर माशी आणि तिच्याभोवतीचं गोल कडं एकाच तुकड्यात असतं, आणि तो तुकडा नळीवरच्या बैठकीत डोव्हटेलने, म्हणजे तळाशी रुंद आणि वर अरुंद अशा तिरक्या खाचेत, बसतो. सगळं काम या सुट्या तुकड्यावर करायचं. मूळ तुकडा तेल लावून पिशवीत ठेवा. जुन्या रायफलीची किंमत अशाच तुकड्यांत असते. तुमच्याकडे बंदुकीच्या भागांत स्वतः फेरफार करायला परवानगी लागते का आणि तुम्ही ज्या स्पर्धांत उतरता त्यांना बदललेली साइट चालते का, हेही आधीच विचारून घ्या.

रायफल मोकळी आहे हे चेंबरमध्ये बोट घालून तपासा आणि बोल्ट काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. नळी लाकडी किंवा चामड्याच्या जबड्यांत धरा. बैठक डोव्हटेलच्या अगदी जवळ धरलेली हवी; नळी लांबवर धरून टोकाला हातोडा मारला की ठोक वाया जातो आणि बैठकीचा जोड ढिला होतो. जुन्या साइटवर आणि बैठकीवर मिळून एक सरळ बारीक रेघ ओढून ठेवा. ही खूण नंतर फार उपयोगी पडते. मग भेदक तेल सोडा, रात्रभर थांबा आणि पितळी पंचाने साइट बाहेर काढा. पोलादी पंच वापरला तर कड दबते आणि तो डाग कायमचा दिसतो. दोन-तीन चांगल्या ठोक्यांनी ती हलली नाही तर जोर वाढवू नका, आधी दुसऱ्या बाजूने ठोकून पाहा.

सुट्या साइटमधली मूळ खिळी काढायची. ती ठोकून, तळाशी फुगवून बसवलेली असते. खालचं फुगवटं कानशीने सपाट करा आणि बारीक पंचाने खालून वर किंवा वरून खाली, जिकडे सुटेल तिकडे, बाहेर घालवा.

यानंतरचं भोक पाडणं हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे. साइट बेंच ड्रिलखाली डोव्हटेलच्या सपाट तळावर पक्की धरा. आधी कड्याच्या डोक्यातून 4.2 मिलिमीटरचं भोक पाडा. मग काहीही न हलवता त्याच ठिकाणी 2.5 मिलिमीटरचं ड्रिल लावून खालच्या बुडातून आरपार जा आणि एम 3 × 0.5 चा (3 मिलिमीटर व्यास, दर फेऱ्याला 0.5 मिलिमीटर) टॅप चकमध्येच धरून हाताने चक फिरवत आटे पाडा. मशीन चालू करून टॅप घातलात तर तो मोडणार. हे तिन्ही एकाच बांधणीत करण्याचं कारण असं की मग वरचं भोक, आटे आणि माशी एकाच उभ्या रेषेत येतात. मध्ये साइट उचलून परत बांधली की माशी कलते. आणि कललेली माशी वर-खाली करताना आडवीही सरकते. मूळ खिळीचं भोक 2.5 पेक्षा मोठं असेल, तर मात्र एम 3 चे आटे धरणार नाहीत, मग एम 3.5 किंवा एम 4 वर जावं लागेल. बुडाची जाडी मोजून घ्या. निदान 3 मिलिमीटर, म्हणजे सहा आटे तरी मिळायला हवेत.

कड्याला वरून भोक पाडायची कल्पना नवी नाही. सोव्हिएत एसकेएस रायफलवर अशीच सोय आहे, आणि तिची माशीही आट्यांवरच फिरते. माशीवर वरून उजेड पडतो हा त्यातला तोटा आहे, त्यावर पुढे येतो.

माशीसाठी 3 मिलिमीटरची सिल्व्हर स्टीलची सळी घ्या. ती नरम अवस्थेत मिळते, त्यामुळे डाय चालतो. पितळ घेऊ नका, एका धक्क्यात वाकतं. कणखर 12.9 वर्गाचा स्क्रूही घेऊ नका, कानस घसरते. सळीचा साधारण 20 मिलिमीटरचा तुकडा कापून खालच्या 6 मिलिमीटरवर आटे पाडा. डाय सरळ सुरू होणं महत्त्वाचं आहे, म्हणून सळी ड्रिलच्या चकमध्ये धरा, डाय-होल्डर टेबलावर सपाट ठेवा आणि चक हाताने फिरवत खाली आणा. आट्यांच्या वर दीड-दोन मिलिमीटर सळी पूर्ण जाडीची राहू द्या. तो आपला खांदा. त्या खांद्यावर चार बाजूंनी कानस मारून 2.2 मिलिमीटरचा चौकोन करा. 3 मिलिमीटरच्या सळीत त्याचे कोपरे किंचित गोल राहतील, चालतं. खांद्याच्या वरचा भाग कमी करून 1.8 मिलिमीटर जाडीची गोल माशी करायची.

लेथ नसल्यावर ती गोल कशी करायची? सळी आट्यांच्या बाजूने ड्रिलच्या चकमध्ये धरा, पण आटे थेट जबड्यांत नकोत. पितळी तुकड्याला एम 3 चे आटे पाडा, त्यात सळी फिरवून बसवा आणि तो तुकडा चकमध्ये धरा. ड्रिल मध्यम वेगाने फिरवत बारीक कानस लावा, मग ऑइलस्टोन, शेवटी पॉलिश पेपर. कानशीला मूठ लावलेली हवी; उघडी शेपटी तळहातात घुसते. पितळी तुकडा थोडा जरी तिरका बसला, तरी माशी आट्यांच्या मध्यात येत नाही. चक हाताने फिरवून माशीच्या शेजारी एखादी स्थिर सुई धरा. फट कमी-जास्त होताना दिसली तर परत बांधा.

एवढा खटाटोप का करायचा ते आकड्यांत पाहा. माशी मध्यापासून फक्त 0.1 मिलिमीटर सरकलेली असेल, तर अर्धा फेरा फिरवल्यावर ती 0.2 मिलिमीटर आडवी जाते, म्हणजे 100 मीटरवर 3 सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त. उंची लावायला जावं आणि मार बाजूला पळावा, असा प्रकार. चांगल्यात चांगल्या बांधणीलाही थोडं मागेपुढे राहणारच, म्हणून आधी उंची पक्की करायची आणि बाजू त्यानंतर, हा क्रम कधी मोडू नका.

माशी चपट्या पात्याची का नाही, असंही कोणी विचारेल. फिरणाऱ्या माशीला चपटं पातं अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानेच चालतं, कारण मधल्या कोनात ते वाकडं दिसतं. एम 3 चा अर्धा फेरा म्हणजे 0.25 मिलिमीटर, 100 मीटरवर 4 सेंटीमीटर. गोल माशीला पाव फेराही चालतो, म्हणजे 2 सेंटीमीटर. उघड्या साइटने एवढं पुरे.

1.8 मिलिमीटर जाडी का, त्याचाही हिशोब आहे. डोळ्यापासून मागची खाच सुमारे 320 मिलिमीटर आणि माशी सुमारे 940 मिलिमीटर अंतरावर धरली, तर खाचेच्या जागी ही माशी 0.6 मिलिमीटर जाडीची भासते. तुमच्या खाचेची रुंदी मोजा आणि माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची स्पष्ट फट राहते ना, ते पाहा. फट बारीक झाली की डोळा माशी खाचेच्या मध्यात आहे की नाही हे ठरवू शकत नाही. जाड माशी वयस्क डोळ्याला सोपी जाते खरी, पण लक्ष्य झाकते: 1.8 मिलिमीटरची माशी 100 मीटरवर जवळपास 19 सेंटीमीटर रुंदी झाकते.

टोक सपाट आणि काटकोनात हवं. किंचित गोल झालं तर उजेडानुसार वरची कड कधी इथे दिसते, कधी तिथे. सळी चकमध्ये फिरत असतानाच टोकाला ऑइलस्टोन सपाट लावा, कडेला आलेली बुरी काढा, पण कड मारू नका.

आता माशी जागी धरून ठेवणाऱ्या स्क्रूबद्दल. बहुतेक घरगुती साइट बिघडतात त्या याच जागी. आट्यांमध्ये थोडी ढिलाई असतेच, 0.1 मिलिमीटर ढिलाई म्हणजे 16 मिलिमीटरची अनिश्चितता. ती मारायला एम 2 चा ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला बारीक स्क्रू, लागतो. लोक तो सोयीसाठी बाजूने लावतात, आणि प्रत्येक वेळी तो आवळला की माशी आडवी ढकलली जाते. तो पुढून, नळीच्या तोंडाच्या बाजूने लावा. मग तो माशीला नेमाच्या रेषेतच मागे ढकलतो, आणि त्या दिशेला दहावा हिस्सा मिलिमीटर हलल्याने मारात काही फरक पडत नाही. साइटच्या बुडाच्या पुढच्या तोंडावर 1.6 मिलिमीटरचं भोक पाडून एम 2 × 0.4 चे आटे पाडा. ग्रब स्क्रूच्या आधी भोकात नायलॉनचा किंवा मऊ शिशाचा बारीक तुकडा सोडा. पोलादाचं टोक थेट आट्यांवर दाबलं तर आटे ठेचतात आणि पुढच्या वेळी माशी फिरतच नाही.

माशी फिरवायला चौकोनी नळीची चावी हवी. जुन्या घड्याळाला चावी देण्याची किल्ली अशीच असते आणि ती बारीक मापांतही मिळते. 2.2 च्या चौकोनावर बसणारी आणि कड्याच्या भोकातून आत जाणारी मिळाली तर उत्तम. भोक थोडं वाढवावं लागलं तरी हरकत नाही. नाहीतर 3 मिलिमीटर आतल्या व्यासाची पितळी नळी घ्या, तिचं टोक गरम करून मऊ करा, 2.2 च्या चौकोनी पोलादावर चढवा आणि चारही बाजूंनी हलकेच ठोका.

तळाकडे लक्ष द्या. माशी सगळ्यात खाली नेल्यावर आट्यांचं टोक डोव्हटेलच्या तळाबाहेर येता कामा नये. आलं तर साइट बैठकीत शिरताना ते घासतं आणि माशी वर उचलली जाते. बाहेर येणारा भाग आधीच कापून टाका. वरच्या बाजूला माशी पूर्ण उंचीवर गेल्यावरही कड्याच्या आतल्या छताखाली थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे. टोक भोकात शिरलेलं दिसलं तर समजा की माशी गरजेपेक्षा लांब कापली आहे.

काळं करणं हा शेवटचा भाग, पण तो उरकून टाकायचा नाही. गोल, चकचकीत माशीवर उजव्या बाजूने ऊन पडलं की तिची एक बाजू चमकते, डोळा ती चमकणारी बाजूच माशी समजतो आणि मार सरकतो. वरचं भोक असल्यामुळे हा त्रास इथे जास्त. कोल्ड ब्लूइंगचे (धातू न तापवता काळा करणारं रसायन) दोन-तीन हात द्या, मध्ये तेल पूर्ण पुसून घ्या. तेलाचं बोट लागलेल्या जागी रंग धरत नाही. नेमबाजीच्या दिवशी मेणबत्तीची काजळी धरली तर त्याहून काळं दुसरं काही नाही. उष्णतेची सगळी कामं साइट रायफलीवरून उतरवलेली असतानाच करा. नळीवर सिल्व्हर सोल्डर करण्याचा विचार मनातही आणू नका. त्याला लागणारं 600 अंशांवरचं तापमान नळीच्या तोंडासाठी घातक आहे.

बसवताना साइट डोव्हटेलमध्ये पूर्वीच्या खुणेपर्यंत आणा. सुटी साइट सैल बसली तर डोव्हटेलच्या तळाला मध्यभागी सेंटर पंचाचे दोन-तीन ठिपके मारून धातू किंचित वर उचला. घट्ट असली तर साइटचा तळ कानशीने घासा, बैठक नाही. हाताने एक तृतीयांश शिरेल आणि उरलेली हलक्या ठोक्यांनी जाईल, इतकी घट्ट हवी.

आडवं सरकवायला हातोडी वापरली की 0.37 मिलिमीटरऐवजी एकदम 1 मिलिमीटर जाते. त्यापेक्षा यू आकाराची पोलादी कमान करा, तिच्या एका पायात एम 6 × 1 चा स्क्रू घ्या आणि दुसऱ्या पायाने बैठक धरा. स्क्रूच्या टोकाला पितळी टोपी. पाव फेरा म्हणजे 0.25 मिलिमीटर, 4 सेंटीमीटर. तुमच्या 6 सेंटीमीटरसाठी दीड पाव, म्हणजे फेऱ्याचे तीन अष्टमांश. हलायला सुरुवात होण्याआधी साइट थोडा ताण खाते, म्हणून फेरे मोजण्यापेक्षा आधी ओढलेल्या रेघेतलं अंतर व्हर्निअरने मोजा.

नेम बसवताना सुरुवात 25 मीटरवर करा. तिथे माशीचा 1 मिलिमीटर म्हणजे 4 सेंटीमीटर. मग 100 मीटरवर जा. उंची लावताना माशी नेहमी वर जाण्याच्या दिशेनेच थांबवा. जास्त वर गेली तर एक पूर्ण फेरा खाली आणून परत वर न्या, म्हणजे आट्यांची ढिलाई दर वेळी एकाच बाजूला राहते. प्रत्येक बदलानंतर ग्रब स्क्रू आवळूनच मारायचं. ढिल्या स्क्रूने चाचणी घेतली आणि आवळल्यावर मार हलला, तर दोष मशीनचा नसतो.

सगळं जागेवर आलं की ग्रब स्क्रूला लॉकटाइट 222 या आटे जखडणाऱ्या द्रवाचा एक थेंब द्या. तो बारीक स्क्रूंसाठीच आहे आणि नंतर सुटतो. लाल जातीचा वापरलात तर स्क्रूची खाच तुटेल, स्क्रू निघणार नाही. खांद्याच्या चौकोनाची एक बाजू आणि बुड यावर नेलपेंटची रेघ मारा. 20 गोळ्यांनंतर ती रेघ पाहा; सरकली असेल तर नायलॉनचा तुकडा दबून गेला आहे, नवा घाला.

हीच पद्धत माउजरवर वापरायची असेल तर तिथे कडं आणि माशी एका तुकड्यात नसतात, त्यामुळे डोव्हटेलचा नवा ठोकळा कानशीने करावा लागतो. बैठकीतल्या खाचेच्या दोन्ही टोकदार कोपऱ्यांत सारख्या मापाच्या दोन ड्रिलचे दांडे बसवा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. 60 अंशांच्या खाचेसाठी तळाची रुंदी म्हणजे हे अंतर अधिक दांड्याच्या व्यासाची 2.732 पट. 2 मिलिमीटरचे दांडे आणि मध्ये 3.9 मिलिमीटर आले, तर तळ 9.36 मिलिमीटर. त्रिकोणी कानशीची एक बाजू ग्राइंडरवर गुळगुळीत करून घ्या, म्हणजे तिरकी बाजू घासताना तळ खाल्ला जाणार नाही. आणि ब्रिटिश ली-एनफील्ड नंबर 4 रायफल असेल तर यातलं काहीच करू नका. तिची पाती मुळातच 0.015 इंचाच्या टप्प्यांनी वेगवेगळ्या उंचीची बनवलेली आहेत आणि एका टप्प्याने 100 यार्डांवर मार सुमारे 1.9 इंच हलतो. बैठकीचा आवळ-स्क्रू सैल करा, योग्य उंचीचं पातं घाला आणि स्क्रू परत आवळा.